खाडीवर वाट वाजत नव्हती

वहिनी,

काल तुझं तेरावं झालं. भाड्याची भांडी आज सकाळी बोर्लीला परत गेली. मी पाण्याची टाकी भरली, पडवी झाडली, आणि मग हाताला काही काम उरलं नाही म्हणून तिथंच बसलो. तेव्हा दादा आला आणि त्यानं तुझा फोन माझ्यापुढं धरला.

"हा जरा बंद कर," तो म्हणाला. "हात लावला की बोलतो."

तेरा दिवस तो कपाटावर चार्जरला लावलेलाच होता. कुणी काढलाच नाही. दादाचं बोट काचेला लागलं आणि ती मशीनमधली बाई म्हणाली, "संदेश. एकेचाळीस न वाचलेले." दादानं फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि तो गोठ्याकडं गेला. त्याला तुझा फोन कधीच वापरता आला नाही. एकदा बोट लावलं की तो फक्त सांगतो, उघडायला दोनदा टकटक करावं लागतं, हे तू त्याला किती वेळा शिकवलंस. दर वेळी तो म्हणायचा, "तुझा फोन तुलाच लखलाभ."

मी तो बंद केला नाही. खिशात ठेवला.

मला रडू आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुण्याहून येताना माणगावला दादाचा फोन आला, तेव्हा मी "बरं" म्हणालो. नुसतं बरं. मग गाडी बाजूला घेऊन हवा तपासली. चाकात हवा व्यवस्थित होती. त्या दिवसापासून मी सगळं व्यवस्थित करतोय. जेवतो, झोपतो, आलेल्यांना पाणी देतो. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलतो, "डोळं नसून सगळं करायची." मी मान हलवतो. तू काय काय करायचीस, त्यातलं जे मला माहीत आहे ते कुणीच बोललं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

तू पालीकडून लग्न होऊन आमच्या घरी आलीस तेव्हा मी नववीत होतो. दादा रोह्याला कारखान्यात होता, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा. त्यानं कुणाकडून तरी टीव्हीला जोडायचा जुना गेम आणला होता, दोन रिमोटवाला. एका दुपारी आई शेतावर गेली होती. तू पदराला हात पुसत बाहेर आलीस.

"दुसरा रिमोट कशाला असतो?"

"दोघांनी खेळायला."

"मग दे की."

चारचौघांत तू मला भावजी म्हणायचीस. रिमोट हातात आला की नित्या. "नित्या, सरक ना बाजूला, मरशील!" आठवड्याभरात तू माझ्यापेक्षा चांगली खेळायला लागलीस. भाकऱ्या थापतानाही तुझे अंगठे हलायचे. घरात कुणाला खरं वाटलं नसतं. तू आणि मी मिळून कुणाला सांगितलंही नाही.

एकच गोष्ट विचित्र होती. मी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायचो आणि तू थेट मागच्या भिंतीला पाठ लावून. मी चिडवायचो, तू म्हणायचीस, "मला हितनंच बरं जमतं." एकदा आईनं भिंतीशी भाताची पोती लावली होती म्हणून तुला पुढं बसावं लागलं, आणि तू सारखी हरत राहिलीस. डावीकडून कुणी आलं की तुला पत्ताच नसायचा. उजवीकडून आलं तरी तेच. समोरून आला की मात्र तू त्याला सोडत नव्हतीस.

"वहिनी, तो आला ना डावीकडनं. दिसला न्हाय तुला?"

"कुठं होता?"

मी खेळ थांबवला. तुला सरळ समोर बघायला सांगितलं आणि बाजूनं माझा हात हळूहळू पुढं आणला. "दिसला की बोल." मला वाटलं, तू मुद्दाम गप्प बसलीयस. माझा हात जवळजवळ तुझ्या नाकासमोर आला तेव्हा तू म्हणालीस, "आता दिसला." आणि मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणालीस, "सगळ्यांना असंच दिसतं ना?"

मी चौदा वर्षांचा होतो.  संध्याकाळी पायरीवर अडखळायचीस, हंड्याला पाय लावायचीस, आई धांदरट म्हणायची, ते सगळं मला एकदम एका रांगेत दिसलं. शनिवारी मी दादाला सांगितलं. त्यानं तुला आधी श्रीवर्धनला आणि तिथून मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा कडेकडून सुकत येतोय. उपाय नाही. नजर टिकली तर दहा वर्षं, फार तर पंधरा.

आईनं दोष गेमला दिला. त्या काळ्या डब्यानं सुनेचे डोळे खाल्ले, असं ती आठवडाभर बोलत होती. तिनं तो गोणपाटात बांधून माळ्यावर टाकायला लावला. मी टाकला. पुढच्या महिन्यात तू स्वतः शिडी लावून तो खाली काढलास आणि आईसमोर टीव्हीला जोडलास. सासूला तू आत्या म्हणायचीस. तू म्हणालीस, "आत्या, ह्याच्यामुळं झालं न्हाय. ह्याच्यामुळं कळलं."  त्या दिवसापासून आईनं भिंतीशी पोती लावली नाहीत.

तुम्हाला मूल झालं नाही. त्यावर तू कधी बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही.

नजर गेली ती एका दिवसात गेली नाही. मी बारावी झालो, कॉलेजसाठी पुण्याला गेलो, सुट्टीत यायचो, आणि दर सुट्टीत तुझा घास थोडा थोडा ताटाच्या कडेला अडखळायचा. एका दिवाळीत तू रिमोट खाली ठेवलास. "आता तू खेळ. मी ऐकते." मी खेळायला लागलो. दहा मिनिटांनी तू म्हणालीस, "मागं कोण तरी हाय." मी वळलो, तर खरंच होता. मला दिसायच्या आधी तुला ऐकू आला होता. त्या दिवाळीत आपण तो अख्खा खेळ असा संपवला. डोळे माझे, कान तुझे. त्यात माझं काम कमी होतं.

पुढं मी गेम बनवायच्या कामातच पडलो, ते तुझ्यामुळं, हे मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं. आम्ही आठ जण होतो पुण्यात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. आमचा खेळ एका डाकवाल्याचा होता. टपालाची थैली घेऊन त्यानं घाट उतरायचा, जंगल ओलांडायचं, आणि शेवटी धुक्यात खाडी पार करून पलीकडच्या गावात पत्र पोचवायचं. मी फोनवर तुला गोष्ट सांगितली तेव्हा तू एवढंच विचारलंस, "मला खेळता येईल?"

मी म्हणालो, "बघू."

"बघू न्हाय. तू बघू बोललास की होत न्हाय. हो बोल न्हायतर न्हाय बोल."

मी हो म्हणालो.

त्या दोन वर्षांबद्दल मला तुझे आभार मानायचेत, आणि ते कसे मानायचे ते ठाऊक नाही. मी आधी जे केलं ते वाईट होतं. मेनूतले शब्द मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज घातला आणि एक बटण ठेवलं. ते दाबलं की डाकवाला आपोआप पुढच्या ठिकाणी चालत जायचा. मला फार अभिमान वाटला होता त्या बटणाचा. गावी आलो, तुझ्या हातात रिमोट दिला, कानाला हेडफोन लावले. तू ते बटण तीन वेळा दाबलंस. मग हेडफोन काढलेस.

"हे काय हाय?"

"तुला सोपं जावं म्हणून."

"मग मी काय करते ह्यात? हा मला हाताला धरून नेतो. रस्ता ओलांडून देतात तसा. माणूस विचारत पण न्हाय, धरतो आणि चालायला लागतो."

"वहिनी, न दिसता जंगलातून वाट काढणं—"

"मला वाट काढून नको देऊ. मला सांग काय काय हाय तिथं. झाड कुठं, पाणी कुठं, दरड कुठं. वाट मी काढीन. चुकले तर चुकीन."

आपण दोन तास भांडलो. आई मधे दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा कप ठेवून परत गेली. मी म्हणत होतो, चुकायला लागलं की लोक खेळ सोडून देतात. तू म्हणत होतीस, चुकायला मिळत नसेल तर खेळ कशाला म्हणायचा. दुसऱ्या दिवशी मी ते बटण काढून टाकलं. काढलं, पण पटलं म्हणून नव्हे, तू रागावशील म्हणून. हे भांडण आपण संपवलंच नाही. मला आजही वाटतं, ते बटण कुणाला तरी हवं असेल. ठेवायला हवं होतं, ज्याला हवं त्यानं दाबावं. तुला हे सांगायचं राहून गेलं. तू काय म्हणाली असतीस याचा अंदाज आहे, पण अंदाजाशी भांडता येत नाही.

मग तू पुण्याला आलीस, चार दिवस. ऑफिसात आधी सगळे दबकत चालत होते. आमच्या प्रमुखानं, केदारनं, तुला खुर्ची दिली आणि "मॅडम" म्हणाला. तू म्हणालीस, "मॅडम नको. वैशाली म्हण, न्हायतर वहिनी म्हण." दुपारपर्यंत आठही जण वहिनी म्हणत होते. त्या चार दिवसांत तू आमच्या खेळाला कान दिलेस. झाडाची सळसळ आणि झुडपाची सळसळ वेगळी हवी. दरडीच्या कडेला गेलं की वाऱ्याचा सूर बदलायला हवा. भिंतीला घासलं की रिमोट थरथरावा, पण दाराला लागला की दोनदा थरथरावा. वाटेवर पाऊल असलं की मातीचा आवाज, वाट सुटली की पाचोळ्याचा. "म्हणजे वाट वाजली पाहिजे," तू म्हणालीस, आणि केदारनं ते फळ्यावर लिहून ठेवलं.

त्यानंच शेवटच्या दिवशी विचारलं, अगदी सरळ मनानं, "पण वहिनी, असे किती जण खेळतील?"

"मला काय म्हाईत? आजवर कुणी आत घेतलं न्हाय, तर मोजणार कुठून?"

या सगळ्याला आम्ही मेनूत 'सोपा खेळ' नाव दिलं होतं. तू ते ऐकलंस आणि मला म्हणालीस, "डोळ्यावर रुमाल बांध आणि हा सोपा खेळ खेळून दाखव." मी बांधला. पहिल्या खोलीतून बाहेर पडायला मला वीस मिनिटं लागली आणि ऑफिस हसत होतं. नाव तू दिलंस. 'ऐकून'. मेनूत अजून तसंच आहे. बघून, ऐकून. एकाखाली एक.

आता जे सांगायचं ते.

खाडीचं प्रकरण सर्वांत शेवटी तयार झालं. खेळ बाहेर काढायची तारीख ठरली होती, ती हलणार नव्हती. धुकं झालं, पाणी झालं, पलीकडं नेणारी होडी, म्हणजे तर, तीही झाली. आवाज बसवायचे राहिले. नुसता वारा होता, सगळीकडं सारखा. केदारनं मला विचारलं, "शेवटच्या प्रकरणाचं 'ऐकून' नंतर करू या का?" निर्णय माझ्यावर होता. मी म्हणालो, "करू नंतर." खेळ विकायच्या वेबपानावर खाली बारीक अक्षरांत ओळ टाकली, की शेवटच्या प्रकरणात ही सोय मर्यादित आहे. ती ओळ मीच लिहिली. तुला खेळ मी थेट पाठवला होता, त्यामुळं ते पान तू कधी उघडलंच नाहीस. तेही मला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी दुपारी तुझा फोन आला. तुझा आवाज इतका खूश होता की मी उभा राहिलो.

"नित्या, खाडीवर आले!"

"भारी."

"पण हितं वारा वाजतो, वाट वाजत न्हाय. असंच हाय का?"

मी म्हणालो, "बग असेल वहिनी. काही तरी बिघडलंय. पुढच्या अपडेटला होईल."

बग नव्हता. बिघडायला तिथं काही ठेवलेलंच नव्हतं. हे मी तुला पहिल्यांदा सांगतोय.

पुढचा अपडेट आला, त्यात दुसरंच काही होतं. मग आम्ही नवीन खेळाला लागलो. तू अजून दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तू "बरं" म्हणालीस, आणि मग विचारणं थांबवलंस. मला सुटल्यासारखं झालं. खरं सांगतो. मला वाटलं, विसरली.

मे महिन्यात मी आलो तेव्हा तू पडवीत सुपारी सोलत बसली होतीस. मी शेजारी बसलो. तू म्हणालीस, "नवीन खेळ कसला हाय?" मी सांगितला. तू ऐकलंस. मग तुझे हात थांबले आणि मला वाटलं, आता ही विचारणार, आणि विचारलं तर मी सांगणार. मी तयार होतो, अगदी तोंडाशी होतं. तू म्हणालीस, "त्या कोपऱ्यातली दुसरी टोपली दे." मी टोपली दिली. आईनं जेवायला हाक मारली. आपण आत गेलो. त्यानंतर आपली भेट नाही. चार दिवसांचा ताप, एवढंच झालं, आणि त्याबद्दल मी लिहिणार नाही.

आज दुपारी मी तुझा फोन उघडला. वाचण्यासारखं काही नव्हतं, सगळं ऐकायचंच होतं. मी डोळे मिटून बोट फिरवत गेलो. त्या एकेचाळिसातले बहुतेक संदेश एका ग्रुपमधले होते, त्याचं नाव होतं 'ऐकून'. मला अशा ग्रुपचा पत्ताही नव्हता. त्यात तेवीस माणसं आहेत. नांदेडची, मिरजेची, धुळ्याची, एक जण थेट दुबईतला. सगळी न दिसणारी, सगळी आमचा डाकवाला खेळणारी. तू त्यांना शिकवत होतीस. घाटातल्या तिसऱ्या वळणावर कुठं थांबायचं, जंगलात ओढा कोणत्या कानाला ठेवायचा.

आणि मग ग्रुपवर तू बोलून टाकलेल्या फिती. एकोणीस. सगळ्या खाडीच्या.

"खाडीचं प्रकरण. हितं वाट वाजत न्हाय, तर रिमोटवर लक्ष ठेवा, तो थरथरतो. सुरुवातीपासनं अकरा पावलं सरळ. मग कठडा लागतो. कठडा उजव्या हाताला धरून चौतीस पावलं. सदतीस केली तर पाण्यात जाल, मी गेलेय चौदा वेळा." मागं कोंबडी ओरडतेय. पुढच्या फितीत आई विचारतेय, "कुणाशी बोलतेस गो?" आणि तू म्हणतेस, "माझ्या लोकांशी."

मी सगळ्या ऐकल्या. तू ते मुकं प्रकरण, जे मी अर्धवट टाकलं होतं, बोटांनी चाचपत मोजलंस. पडून, बुडून, पुन्हा सुरू करून. किती वेळा ते तू सांगत नाहीस. मला अंदाज करता येतो. अठराव्या फितीत तू धक्क्यावर पोचलीस, जिथं तर लागते. एकोणिसावी लहान आहे. "आता धक्क्यावरनं तरीत चढायचं हाय. डावीकडनं चढले, बुडले. उजवीकडनं चढले, बुडले. बहुतेक तर हलत असेल, म्हणजे वेळ साधायला हवी..." मग दादाचा आवाज, "चहा टाकतेस का?" आणि तू, "आले." फीत तिथं संपते.

तर हलते. सहा सेकंद धक्क्याला लागते, सहा सेकंद दूर जाते. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं.

मी तिथं बसून राहिलो. काही वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, तेवढं कळलं.

शेवटचा संदेश एका जाधवांचा होता, सकाळचाच. "ताई, पंधरा-वीस दिवस तुमचा आवाज नाही. बऱ्या आहात ना? तरीच्या पुढचं सांगा की. सगळे धक्क्यावर खोळंबलेत." मी तुझ्याच फोनवरून त्यांना फोन लावला. ते नांदेडला कोर्टात टेलिफोन ऑपरेटर आहेत. त्यांनी "बोला ताई" म्हणून उचलला. मी कोण ते न सांगता आधी तुझी बातमी सांगितली. पलीकडं टाइपरायटरसारखं काही तरी वाजत होतं, ते थांबलं.

ते म्हणाले, "तुम्ही घरातले का?"

"मी त्यांचा दीर."

"म्हणजे नितीन. खेळ तुम्ही केला."

"हो."

"ताई सांगायच्या तुमच्याबद्दल."

मग मी त्यांना सांगितलं. बग नव्हता, आवाज बसवलेच नव्हते, मी खोटं बोललो. परक्या माणसाला सांगणं सोपं होतं. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "ते त्यांना माहीत होतं. आमच्यातला एक जण म्हणाला होता, ताई, तुमच्या दिराला परत विचारा ना. तर म्हणाल्या, विचारलं की तो घाबरून खोटं बोलतो. आता विचारत न्हाय. त्याचा तो सांगेल."

मे महिन्यात तुझे हात थांबले होते, वहिनी. मी सांगावं म्हणून थांबले होते की खरंच टोपलीतल्या सुपाऱ्या संपल्या होत्या, हे मला आता कुणी सांगू शकत नाही.

केदारला मी संध्याकाळी फोन केला. तो म्हणाला, त्या खेळाचं काम आपण बंद केलंय, कुणाला वेळ नाही. मी म्हणालो, मला आहे. तो म्हणाला, "फाइल्स पाठवतो." मी सुट्टी वाढवली.

हे लिहायला सुरुवात केली त्याला आता नऊ दिवस झालेत. मधे थांबलो होतो. पडवीत लॅपटॉप मांडून मी खाडीला आवाज बसवत होतो. तुझ्या फिती एका कानात लावून. तुझी अकरा पावलं बरोबर होती. चौतीसही बरोबर होती. दोन ठिकाणी माझाच आराखडा चुकला होता आणि तुझं मोजमाप बरोबर निघालं. कठड्याला लाकडाचा आवाज दिला, चिखलाला चिखलाचा. इथल्या खाडीवर जाऊन पाणी रेकॉर्ड करून आणलं, ओहोटीचं वेगळं, भरतीचं वेगळं. तरीला दोराची करकर दिली, ती जवळ आली की जाड होते, लांब गेली की बारीक. दादा रोज येऊन मागं उभा राहायचा. काल त्यानं विचारलं, "हे तिच्यासाठी चाललंय का?" मी म्हणालो, "नाही, बाकीच्यांसाठी." तो म्हणाला, "तेच बरं," आणि हेडफोन मागून घेतले. कानाला लावून तो पाच मिनिटं ऐकत बसला. तू हे इतकी वर्षं काय करायचीस, ते त्याला बहुतेक काल कळलं.

आज सकाळी मी ते जाधवांना तपासायला पाठवलं. दुपारी त्यांचा फोन आला. म्हटलं, काही चुकलं असेल.

"चुकलं नाही," ते म्हणाले. "मी धक्क्यावर आलोय. तर येतेय, ऐकू येतेय मला."

"मग चढा की. करकर जाड झाली की पाऊल टाका."

"चढतो." पण ते चढले नाहीत. "ताई इथपर्यंत आल्या होत्या ना?"

"हो. इथपर्यंत."

"इथं उभं राहिलं तर चालतं का? कुणी येऊन मारत वगैरे नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "धक्क्यावर कितीही वेळ उभं राहता येतं."

"त्या आल्या तेव्हा पाणी वाजत होतं का?"

"नाही."

"आता वाजतंय," ते म्हणाले.

मी फोन धरून ठेवला. त्यांनीही ठेवला नाही. त्यांच्या खोलीतून ते पाणी मला ऐकू येत होतं.